सात महिन्यांचं काय सांगू?

गुहागर तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी आवर्जून लिहिलंय. पत्र थोडं आटोपशीर करून देते.

‘माझं वय ५९. यजमान जाऊन आठ वर्षं झाली. मुलगा-सून न्यू जर्सीत, एडिसनला. मुलगा तिथला नागरिक आहे, त्याने माझं ग्रीन कार्ड करून मला नेलं, त्याला सहा वर्षं होतील. नातवंडं तिथे, पण घर, कलमांची बाग आणि म्हाताऱ्या सासूबाई इथे. त्यामुळे आंब्याच्या हंगामाला दर वर्षी येते, यंदाही आले आहे. मागच्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५ च्या, मुलाने माझा नागरिकत्वाचा अर्ज भरला. अर्जात त्याने काय काय लिहिलंय ते मला माहीत नाही, त्याने सांगितलं तिथे सही केली. आता मे महिन्यात मुलाखत आहे असं पत्र एडिसनच्या घरी आलंय. माझं शिक्षण सातवी. इंग्रजी ऐकून बरंचसं कळतं, बोलायची वेळ आली की तोंड उघडत नाही. मुलाने त्याच्या वेळची शंभर प्रश्नांची फाईल पाठवली आहे. पाठ करायला बसते आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरते. चिपळूणची मावसबहीण म्हणते, पंचावन्नच्या पुढे मराठीत चालतं, कशाला डोकं पिकवतेस. दुसरं म्हणजे २०२३ मध्ये सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मी इथे सात महिने राहिले होते. मुलगा म्हणतो, साहेबाने विचारलंच तर सहाच महिने म्हणून सांग. आणि एक मनातलं. आपलं नागरिकत्व सोडलं तर बागेवर माझं नाव राहील का? वाडीतल्या बायका आत्ताच म्हणायला लागल्यात, तू आता परकी झालीस.’

ताई, प्रश्न तुम्ही चार-पाच विचारलेत, पण माझं लक्ष ज्या वाक्यावर अडकलं ते तुम्ही ओघात लिहून टाकलंय. सांगितलं तिथे सही केली, हे ते वाक्य. मुलाखतीत सगळ्यात जास्त वेळ ज्या कागदावर जातो तो कागद तुम्ही वाचलेलाच नाही, आणि जी फाईल तुम्ही रात्र रात्र घोकताय ती त्या मुलाखतीचा छोटा भाग आहे. तयारीची सुरुवात इथून करायला हवी.

मुलाखत कशी होते ते आधी सांगते. तुम्हाला आत बोलावतात, उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ देतात, मग खाली बसवतात. अधिकाऱ्यासमोर तुमचा अर्ज असतो, एन-४०० म्हणतात तो. तो अर्ज घेऊन अधिकारी तुम्हालाच प्रश्न विचारत जातो: नाव काय, पूर्वी दुसरं नाव होतं का, कुठे राहता, कोणाबरोबर राहता, देशाबाहेर कधी गेला होता. तुम्हाला इंग्रजी बोलता येतं की नाही हे याच बोलण्यावरून ठरवतात, त्याची वेगळी परीक्षा नसते. म्हणजे स्वतःच्या आयुष्याबद्दल साध्या इंग्रजीत बोलता आलं, की बोलण्याचा भाग झाला. तुमचं आयुष्य तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

तेव्हा आज मुलाला फोन करून संपूर्ण अर्जाची प्रत मागवा. शृंगारतळीला झेरॉक्सच्या दुकानात ती छापून घ्या, मोबाइलच्या पडद्यावर वाचू नका. घरात कोणी कॉलेजात शिकणारं असेल, दिरांची मुलगी किंवा शेजारचं पोर, त्याला संध्याकाळी ओटीवर घेऊन बसा आणि एकेक ओळ मराठीत समजून घ्या. पहिले दोन-तीन दिवस पाठांतर अजिबात करायचं नाही. फक्त समजून घ्यायचं आणि जिथे चूक दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करायची.

चुका सापडतील, आणि आपल्याकडच्या बायकांच्या अर्जात त्या ठरावीक जागी सापडतात. पहिली जागा नावाची. जन्मापासून आजवर वापरलेली सगळी नावं अर्जात विचारलेली असतात. तुमचं माहेरचं आडनाव वेगळं, मधलं नाव तेव्हा वडिलांचं होतं आणि आता यजमानांचं आहे, आणि लग्नात पाटावर तांदळात लिहून नाव बदललं असेल तर पहिलं नावही वेगळं. मुलाच्या डोळ्यांसमोर तुम्ही जन्मभर ‘आई’ आहात, त्यामुळे माहेरचं नाव लिहायचं राहून जाणं अगदी शक्य आहे. शाळेच्या दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरं असं असेल तर ते मुलाखतीत आपणहून सांगा. अशा चुका अधिकारी तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतो आणि शेवटी दुरुस्त अर्जावर तुमची सही घेतो. अर्जात चूक निघणं हा गुन्हा नाही. चूक माहीत असून गप्प बसणं मात्र अंगाशी येतं.

दुसरी जागा तारखांची. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. ५ जून आपण जसं लिहितो तसं लिहिलं तर तिथे ते ६ मे होतं. तुमच्या ये-जा करण्याच्या तारखा मुलाने आठवणीने भरल्या असतील तर पासपोर्टवरचे शिक्के आणि विमानाची जुनी तिकिटं काढून त्या ताडून घ्या. तोंडी सांगताना महिन्याचं नाव घ्यायची सवय लावा, ‘फेब्रुवारीत गेले, मेमध्ये आले’, म्हणजे गोंधळ होणार नाही.

आता सात महिने. यावर मी जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या मुलाने दिलेला सल्ला मला पटलेला नाही आणि तो काळजीपोटी दिलाय हे कळूनही मी तसंच म्हणेन.

नियम असा आहे. ग्रीन कार्डवर पाच वर्षं सलग तिथे वास्तव्य असावं लागतं, आणि त्यातला किमान निम्मा काळ, म्हणजे तीस महिने, तुम्ही प्रत्यक्ष त्या देशात असायला हवं. एका खेपेला सहा महिन्यांपेक्षा जास्त आणि वर्षापेक्षा कमी बाहेर राहिलात तर वास्तव्य तुटलं असं धरून चालतात. पण तसं नव्हतं हे दाखवायची संधी तुम्हाला असते. वर्षभर किंवा त्याहून जास्त बाहेर राहिलात तर ते सरळ तुटतं. तुमची खेप पहिल्या प्रकारातली आहे. त्यामुळे तुमचा प्रश्न पुराव्याचा आहे आणि पुरावा गोळा करता येतो.

काय दाखवायचं? त्या सात महिन्यांत तुमचं बिऱ्हाड एडिसनलाच होतं, मुलगा-सून-नातवंडं तिथेच होती, तुमची खोली, तुमचं सामान तिथेच होतं, तुम्ही इथे नोकरी धरली नाही. त्या काळातली बँकेची पत्रं, आरोग्यविम्याचे कागद, त्या वर्षाचं करविवरण, राज्याचं ओळखपत्र, परतीचं तिकीट काढून ठेवलं असेल तर ते, आणि सासूबाईंच्या शस्त्रक्रियेचे दवाखान्याचे कागद. आजारपणाच्या कागदांवरून तुम्ही का थांबलात ते कळेल. पण सगळ्यात जास्त वजन तुमचं घर-संसार तिथे चालू होता हे दाखवणाऱ्या कागदांना आहे, म्हणून ते आधी गोळा करा. आणि बागेचं काम हा त्यात प्रश्न होऊ शकतो का, हे मुलाखतीपूर्वी एखाद्या जाणत्या इमिग्रेशन वकिलाला नक्की विचारा. एका भेटीचे पैसे जातील, जाऊ देत. ही एकच जागा अशी आहे जिथे घरातल्यांच्या किंवा माझ्या सल्ल्यावर विसंबून राहू नये असं मला वाटतं.

आणि ‘सहाच सांग’ याचं. तुम्ही कधी गेलात आणि कधी परत आलात याची नोंद अमेरिकन सरकारकडे विमानप्रवासातून आधीच असते, तुमच्या पासपोर्टवर शिक्के असतात. अधिकाऱ्याला आकडा माहीत असतानाही तो विचारू शकतो. तुम्ही उजवा हात वर करून शपथ घेतलेली आहे. सात महिने बाहेर राहिल्याने फार तर अर्ज नामंजूर होईल. तसं झालं तर तीस दिवसांत फेरसुनावणी मागता येते, किंवा काही काळ थांबून पुन्हा अर्ज करता येतो. शपथेवर खोटं सांगितलं तर तुमच्या सचोटीवरच डाग पडतो, त्याच कारणाने अर्ज फेटाळतात, आणि नागरिकत्व मिळून गेल्यावर वर्षांनी उघड झालं तर ते काढूनही घेता येतं. सासूची सेवा करायला थांबलेली बाई खोटं कशाला बोलेल? सात महिने राहिलात ते सात म्हणा. मुलालाही हे पत्र वाचायला द्या.

याला लागूनच एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत. बागेचे पैसे. आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे आंब्याचा पैसा कुठे दाखवायचा असतो हे आपल्या डोक्यातही येत नाही. पण ग्रीन कार्डवर असताना जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या करविवरणात धरलं जातं, त्यात गुहागरची बाग आली. इथल्या बँकेतल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली असेल तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. यजमानांच्या पश्चात ठेवी तुमच्या नावावर झाल्या असतील तर तो आकडा गाठणं कठीण नाही. अर्जात कर थकला आहे का, विवरण भरायचं टाळलं का, असे प्रश्न आहेत. विवरण भरण्याइतकं उत्पन्नच नसेल तर तसं सांगता येतं, पण ते आधी हिशेबनिसाकडून तपासून घ्या, भारतातलं उत्पन्न असणाऱ्यांची कामं करणारा असेल तर उत्तम.

मावसबहिणीचं म्हणणं अर्धं खरं आहे. वय पंचावन्नच्या वर आणि ग्रीन कार्डाला पंधरा वर्षं, किंवा वय पन्नासच्या वर आणि वीस वर्षं, अशांना इंग्रजीतून सूट मिळते आणि इतिहास-राज्यव्यवस्थेची परीक्षा दुभाषा घेऊन मराठीत देता येते. पासष्टच्या वर आणि वीस वर्षं असतील तर प्रश्नही थोडेच असतात. तुमचं वय बसतं, वर्षं बसत नाहीत. सहा वर्षांवर ही सूट नाही. विस्मरण किंवा तत्सम आजार असणाऱ्यांसाठी डॉक्टरांच्या दाखल्यावर वेगळी सवलत आहे, ती खऱ्या आजाऱ्यांसाठी आहे. ‘एक दाखला काढून देतो’ असं कोणी म्हणालं तर त्याच्या वाऱ्याला उभ्या राहू नका.

अर्जातले जे प्रश्न लोकांना पाडतात ते म्हणजे ‘हॅव यू एव्हर’ने सुरू होणारे. तुम्ही आयुष्यात कधी अमुक केलंय का, अशी मोठी रांग असते. कधी स्वतःला अमेरिकन नागरिक म्हणवून घेतलंय का? तिथल्या निवडणुकीत मतदान केलंय का? कधी अटक झाली आहे का? एकाच वेळी दोघांशी लग्न? कोणाचा छळ केलाय का, वंशसंहारात भाग घेतलाय का? आपल्याला ऐकून कसंसंच होतं, पण ते सगळ्यांनाच विचारतात. तुमच्या बाबतीत जवळजवळ सगळ्यांचं उत्तर ‘नो’ असणार. गावच्या ग्रामपंचायतीला तुम्ही मत दिलं असेल, त्याने घाबरू नका, मतदानाचा तो प्रश्न अमेरिकेतल्या निवडणुकांचा आहे.

धोका असा, की समोरचा साहेब बोलत असताना आपण मान डोलावतो. ‘हं, हं’ करतो. तो अर्थातच ‘ऐकतेय’ या अर्थाने. पण ‘कधी नागरिक असल्याचा दावा केलाय का’ याला मान हलली तर तुमच्यावर भलताच प्रसंग येईल. म्हणून ओटीवरच्या सरावात हीच गोष्ट घटवून घ्या: प्रश्न पूर्ण ऐकायचा, मान स्थिर, आणि मोठ्याने ‘नो’ किंवा ‘येस’. समजलं नाही तर ‘प्लीज रिपीट’. पुन्हा नाही समजलं तर ‘आय डोन्ट अंडरस्टँड, प्लीज से इट अनदर वे’. अधिकाऱ्याने प्रश्न पुन्हा, सोपा करून विचारावा अशी पद्धतच आहे, त्यात तुमचे गुण जात नाहीत. न समजता ‘येस’ म्हणण्यापेक्षा तीनदा विचारलेलं बरं.

आणि शेवटी शेवटी प्रश्नांचा रोख उलटतो, तिथे ‘नो’च्या ओघात गेलात तर पंचाईत. तुम्ही संविधान मानता का? एकनिष्ठतेची शपथ घ्यायला तयार आहात का? कायद्याने सांगितलं तर देशासाठी शस्त्र हाती घ्याल का? साठीला आलेल्या बाईला हे विचारल्यावर हसू येतं आणि तोंडून ‘नो, नो’ निघून जातं. कोणी तुम्हाला बंदूक देणार नाहीये. कायद्यातली तयारी विचारली आहे. श्रद्धेमुळे ज्यांना शस्त्र नको असतं त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे. तुमची हरकत नसेल तर ‘येस’ म्हणा. काही अधिकारी ‘ओथ म्हणजे काय?’ असं विचारतात, तिथे ‘अ प्रॉमिस’ एवढं उत्तर पुरतं.

इंग्रजी वाचायचं आणि लिहायचं असतं ते अगदी थोडं. तीन वाक्यांपैकी एक बरोबर वाचायचं, तीनपैकी एक ऐकून लिहायचं. वाचायला ‘हू वॉज द फर्स्ट प्रेसिडेंट?’ अशा धर्तीचं काही, लिहायला ‘वॉशिंग्टन वॉज द फर्स्ट प्रेसिडेंट’ किंवा ‘सिटिझन्स कॅन व्होट’. त्यात येणारे शब्द ठरलेले आहेत आणि त्यांची यादी यूएससीआयएसच्या, म्हणजे नागरिकत्वाचे अर्ज बघणाऱ्या अमेरिकन सरकारी खात्याच्या, संकेतस्थळावर फुकट मिळते. स्पेलिंग थोडं चुकलं तरी वाक्याचा अर्थ लागला की चालतं. रोज त्यातली चार-पाच वाक्यं हाताने लिहा. आणि एक अगदी बारीकशी गोष्ट: लिखाण बहुधा कागदावर नसतं, काचेच्या पाटीवर जाड पेनने करायचं असतं. पेन काचेवरून घसरतं, अक्षर मोठं आणि वेडंवाकडं येतं, आणि माणूस घाबरतो. एडिसनला गेल्यावर नातवाच्या टॅबलेटवर दोन-चार दिवस लिहून बघा.

आता ती फाईल. ती बाजूला ठेवा, कारण ती तुमच्या परीक्षेची नाही. शंभर प्रश्न, त्यातले दहा विचारणार, सहा आले की झालं, ही जुनी परीक्षा. २० ऑक्टोबर २०२५ पासून पुढे अर्ज केलेल्यांना नवी परीक्षा आहे. प्रश्न १२८, त्यातले वीसपर्यंत विचारतात, बारा बरोबर यावे लागतात. बारा बरोबर झाले की थांबतात, नऊ चुकले तरीही थांबतात. तुमचा अर्ज नोव्हेंबरातला, म्हणजे तुम्हाला नवी. नवी यादी त्याच सरकारी संकेतस्थळावरून उतरवून घ्या, दुसरीकडून नको. जुन्या फाईलमध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरचं नावही जुनंच असणार. जानेवारी २०२६ पासून मिकी शेरिल गव्हर्नर आहेत. सिनेटर कोरी बुकर आणि अँडी किम, दोघांतलं एक नाव सांगितलं की पुरे. राजधानी ट्रेंटन. पदावरच्या माणसांची नावं मुलाखतीच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा बघून जा.

पाठ का होत नाही याचं उत्तर मला वाटतं असं आहे, की तुम्ही ती उत्तरं ओळखीच्या कशालाच न जोडता घोकताय. जोडायला तुमच्याकडे भरपूर आहे. त्यांचं संविधान ‘वी द पीपल’ने सुरू होतं आणि आपलं ‘आम्ही भारताचे लोक’ने. त्या शब्दांचा अर्थ काय, असा प्रश्नच यादीत आहे: सत्ता लोकांची आहे. त्यांचे सिनेटर सहा वर्षांसाठी, आपले राज्यसभेचे खासदारही सहा वर्षांसाठी. त्यांच्या खालच्या सभागृहात ४३५ सदस्य, आपल्या लोकसभेत ५४३. आपण इंग्रजांपासून १९४७ ला सुटलो, त्यांनी त्याच इंग्रजांपासून ४ जुलै १७७६ ला स्वातंत्र्य जाहीर केलं. मार्टिन ल्यूथर किंगनी काय केलं, असा एक प्रश्न आहे आणि उत्तर आहे नागरी हक्कांसाठी लढले. आता महाड तुमच्यापासून किती लांब? सार्वजनिक तळ्यातलं पाणी सगळ्यांचं, यासाठी १९२७ मध्ये चवदार तळ्यावर जे झालं ते तुम्ही शाळेत शिकलात. तो लढा उभा करणाऱ्या बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगडातलं आंबडवे, आणि त्याआधी ते तुमच्या मुलाच्या घरापासून तासाभरावर, न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आले होते. हे एकदा डोक्यात बसलं की किंग कोण ते तुम्ही विसरणार नाही.

बाकी सराव कामं करता करता होऊ द्या. पेट्या भरताना, आढी लावताना प्रश्न कानावर पडू देत. पुतणीला सांगा, एक प्रश्न आवाजात भरून पाठव, मी उत्तर भरून पाठवते. मुलाशी बोलाल तेव्हा त्याने साहेब व्हायचं आणि तुम्ही तुमच्याच अर्जातून उत्तरं द्यायची, त्याने मध्ये मराठीत सांगायचं नाही. इथले संध्याकाळचे सात म्हणजे सध्या तिथले सकाळचे साडेनऊ, सुट्टीच्या दिवशी जमेल. उच्चार आपल्यासारखे असले तर असू देत. एडिसनच्या बाजूच्या अधिकाऱ्यांनी आपली इंग्रजी भरपूर ऐकली आहे.

एखादा भाग नाही जमला तरी दार बंद होत नाही. साठ ते नव्वद दिवसांत पुन्हा बोलावतात आणि राहिलेलाच भाग घेतात. मुलाखत मे महिन्यात आहे, तेव्हा एप्रिलच्या शेवटी परत जायचं ते मात्र पुढे ढकलू नका, एखादी पेटी कमी भरली तरी चालेल. ही खेप सहा महिन्यांच्या आतच संपायला हवी, कारण वास्तव्याचा हिशेब नागरिकत्व मिळेपर्यंत चालू असतो.

मनातल्या प्रश्नाकडे येते. तिथली शपथ घेताना आधीच्या देशावरची निष्ठा सोडतो असे शब्द त्यात आहेत, आणि आपला १९५५ चा नागरिकत्व कायदा सांगतो की दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारताचं संपतं. दोन्ही एकाच वेळी ठेवता येत नाहीत. हे मी गोड करून सांगणार नाही. तुम्हाला इथे मतदान करता येणार नाही, मतदार यादीतलं नाव काढून घ्यावं लागेल. तुमचं मन याला तयारच नसेल तर अर्ज मागे घेता येतो, ग्रीन कार्ड तसंच राहतं, आणि मुलाला ते स्पष्ट सांगायचा तुम्हाला अधिकार आहे.

पण निर्णय घेताना दुसरी बाजूही बघा. ग्रीन कार्ड आहे तोवर गावाला आलं की तुम्ही महिने मोजत बसणार. सासूबाई पुन्हा आजारी पडल्या तर सहाव्या महिन्याला धाकधूक. नागरिकत्वानंतर ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना भारत सरकार देतं ते कार्ड, काढलं की इथे कितीही दिवस राहता येतं, व्हिसा लागत नाही, कोणाला हिशेब द्यावा लागत नाही. तुमच्यासारखीला, जिचा जीव बागेत आहे, गावात निवांत राहायचा हा मार्ग आहे. वाडीतल्या बायकांना हे सांगा. ज्या बाईने सात महिने सासूचं सगळं केलं तिला परकी म्हणताना त्यांनी जरा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

शपथविधीनंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही, तो बेकायदा ठरतो. आधी अमेरिकेचा पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट जमा करून नागरिकत्व सोडल्याचा दाखला, मग ओसीआय, या क्रमाने जावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. यंदाच्या गणपतीचं तिकीट त्या भरवशावर काढू नका. यायचंच झालं तर ई-व्हिसा काढता येतो.

बाग. भारतीय नागरिक असताना, इथे राहत असताना घेतलेली किंवा वारसाने आलेली जमीन ओसीआय झाल्यावरही तुमचीच राहते. नवी शेतजमीन किंवा बागायत मात्र विकत घेता येत नाही. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी. ही बंदी परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही आहे, तेव्हा बाजूचं कलमाचं कोपऱ्यातलं क्षेत्र घ्यायचं मनात असेल तर ते ग्रीन कार्डवर तिथे राहत असताना आत्ताही घेता येणार नाही.

पण त्याआधी सातबारा काढून बघा. यजमानांच्या मागे वारस नोंद झाली आहे का? आपल्याकडे सातबारे सामायिक असतात, एकेका उताऱ्यावर दहा-बारा नावं, त्यातली निम्मी माणसं हयात नाहीत, आणि घरचेच आहेत म्हणून कोणी तलाठ्याकडे जात नाही. आठ वर्षांत ते राहिलं असेल तर तुम्ही इथे आहात तोवर करून घ्या, परदेशातून मुखत्यारपत्रावर हीच कामं फार जिकिरीची होतात. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती घेऊन दिरांना बरोबर न्या, फेरफार मंजूर झाला की नक्कल घ्या, आणि नकलेवरचं तुमचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते कार्यालयातून बाहेर पडण्याआधी बघा.